चिंचोका

गुरुबसप्पांच्या घरात पहाट कोंबड्याच्या आधी व्हायची. वाटेनं जाणाऱ्या दूधवाल्याला वाटे, काय धार्मिक घर आहे. अजून तांबडं फुटलेलं नाही, तोवर बायकांच्या अंघोळी उरकलेल्या, उंबऱ्यासमोर रांगोळी पडलेली, देवापुढं समई लागलेली. इतक्या वर्षांच्या सवयीनं घरधनीण कस्तुराबाईंनाही तसंच वाटायला लागलं होतं. पण ह्या लवकर उठण्याचं खरं कारण देवघरात नव्हतं. ते फाटकाशेजारी होतं, गुलाबी फरशीचं, दारावर कमळ रंगवलेलं. घरचा संडास.

सोलापूरच्या हद्दवाढीत गाव शहरात आलं, रानात प्लॉट पडले, मातीच्या घराच्या जागी स्लॅबचं घर उभं राहिलं. पूर्वी ह्या घरच्या बायका अंधार बघून रानात जायच्या. आता रान गेलं. अंधार मात्र ह्या घरानं जपून ठेवला.

घर बांधताना गवंड्यानं सांगितलं होतं, स्वयंपाकघराच्या मागं जागा आहे, तिथंच संडास काढू, बायामाणसांना बरं पडेल. गुरुबसप्पांनी कानावर हात ठेवले. मागच्या बाजूला देवघराची भिंत येते, विटाळ होईल, देवाला चालायचं नाही. देवाला कुणी विचारलं नव्हतं. ज्या सिद्धरामेश्वरानं लोकांची तहान बघून सोलापुरात तळं खोदवलं, त्याला विचारलं असतं तर त्यानं काय सांगितलं असतं, हे सांगायला पंडित लागत नाही. पण देवाच्या नावावर आपली सोय लावून घ्यायची असली की देवाला विचारायचं नसतं, एवढं शहाणपण गुरुबसप्पांकडे होतं.

तर संडास आला पुढं, फाटकापाशी. आणि त्याच्या समोरच, लिंबाखाली, कट्टा. सकाळचा चहा झाला की गुरुबसप्पा कट्ट्यावर बसत ते दिवेलागणीपर्यंत. दोन-चार रिकामटेकडे सोबतीला. पलीकडच्या गल्लीतला बिरप्पा तर रोजचाच. चहा व्हायचा, माठातलं गार पाणी व्हायचं, निवडणुकीपासून ऊसदरापर्यंत साऱ्या जगाचा न्याय व्हायचा. मधूनमधून एकेक जण उठून समोर जाऊन यायचा, धोतर नाहीतर पँट सावरत, मोठ्यानं खाकरत. परक्या गल्लीतल्या बिरप्पाला ते कमळाचं दार दिवसभर उघडं होतं. घरच्या सुनेला नव्हतं. सासऱ्यादेखत, चार पुरुषांदेखत बाईमाणसानं तिकडं जायचं नाही, ही घरची रीत. पहाटे एकदा आणि दिवे लागल्यावर, कट्टा उठला की एकदा.

गुरुबसप्पा हे अभिमानानं सांगायचे. "आमच्या घरच्या बायकास्नी दिवसा तिकडची वाटच ठावं न्हाय." ऐकणारे मान डोलवायचे. एखाद्याच्या घरची बाई आजारी आहे हे त्यानं असं मिरवून सांगितलं, तर लोक त्याला वेडा म्हणतील. इथं मान मिळत होता.

कस्तुराबाई एकोणिसाव्या वर्षी ह्या घरात आल्या. आल्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात सासूनं, शिवलीलाबाईंनी, त्यांच्या हातावर भाजलेला चिंचोका ठेवला होता. तोंडात एका गालाला धरून ठेवायचा, म्हणजे लाळ सुटती, घसा कोरडा पडत नाही. "पान्यानं तहान वाढती बाई, चिंचोक्यानं मरती," सासू म्हणाली होती. त्या म्हातारीलाही तो तिच्या सासूनं दिलेला. दुसऱ्या घरांत पाटल्या देतात, नथ देतात. ह्या घरात तहान मारायची युक्ती वारशानं उतरत आली होती.

कस्तुराबाई देवभोळ्या. सोमवार धरायच्या, एकादशी करायच्या, श्रावणात एकभुक्त राहायच्या. आपण दिवसभर पाण्यावाचून राहू शकतो हे त्यांना त्याच पुण्याईतलं वाटे. इथंच माणूस फसतं. व्रत आपण आपल्या मनानं घेतो, देवाला सांगून घेतो आणि त्याच्याच साक्षीनं सोडतो. कट्ट्यावरच्या चार माणसांना संकोच नको म्हणून मारलेली तहान कुठल्या पोथीत व्रत म्हणून लिहिलेली नाही. पण तीस वर्षं तोंडात चिंचोका धरलेल्या बाईला हे सांगणार कोण? मधूनमधून कळा यायच्या, ताप यायचा, गोळीवर जायचा. अलीकडे पाय सुजायचे. वय झालं, त्या म्हणायच्या. पन्नाशीच गाठली होती.

अशा घरात पूनम सून म्हणून आली. अक्कलकोटकडची, बी.कॉम. झालेली, येताना स्टीलची पाण्याची बाटली घेऊन आलेली. माहेरी संडास मागच्या दारी, त्यामुळं दिवस आणि रात्र असा भेद तिला ठाऊक नव्हता. लग्नाला आठवडा झाला नसेल, एका दुपारी ती पदर सावरून सरळ अंगण ओलांडून गेली. कट्ट्यावरच्या माना वळल्या. ती आत असतानाच बिरप्पा म्हणाला, "गुरुबसप्पा, सून लई धीट आणली की."

हसणं आतपर्यंत गेलं. पोर बाहेर यायला तयार होईना. शेवटी आली ती खाली मान घालून, भिंतीच्या कडेनं.

सुनेशी बोलायची रीत नव्हती. म्हणून गुरुबसप्पा संध्याकाळी बायकोला म्हणाले, "आपल्या घरची चाल सांगितली न्हाईस वाटतं तिला?"

कस्तुराबाईंनी सांगितली. डब्यातला चिंचोका काढून पूनमच्या हातावर ठेवला. त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता, उलट माया होती. आपण सोसलं ते हिला जरा सोपं व्हावं. पूनमला आधी हसूच आलं.

"आत्या, ह्यानं काय व्हतंय?"

"सवय व्हती," कस्तुराबाई म्हणाल्या.

पूनमनं नवऱ्याला सांगून बघितलं. सिद्धराम शहरातल्या सात रस्ता चौकापाशी एका गाड्यांना कर्ज देणाऱ्या ऑफिसात होता. तिथं थंड पाण्याचं मशीन होतं आणि त्याला लागून स्वच्छ बाथरूम. त्यानं सगळं ऐकून घेतलं, वाईटही वाटून घेतलं, आणि म्हणाला, "अप्पा बसलेले असतात गं. थोडं ॲडजस्ट कर." शिकलेल्या मुलांना हा एक शब्द फार कामाला येतो. भित्रेपणाला तो चांगली इस्त्री करून देतो.

पूनमनं ॲडजस्ट केलं. बाटली कपाटावर गेली. सकाळी घोटभर, संध्याकाळी तांब्याभर, मधे चिंचोका.

चैत्र लागला. सोलापूरचं ऊन ज्यांनी अंगावर घेतलंय त्यांना सांगायला नको. भिंतीला हात लावला तर चटका बसतो, पंख्याखाली बसलं तरी वारा भट्टीतून आल्यासारखा. चुलीपाशी उभ्या बाईच्या अंगातून घाम निथळतो, आणि त्या घामाची भरपाई करायला पाणी मात्र जात नाही. पूनमला पहाटेला लघवी व्हायची ती बिनदुधाच्या चहासारखी, आगीसारखी. मग डाव्या कुशीत दुखायला लागलं. तिनं सासूला सांगितलं.

"उष्णता झालीया," कस्तुराबाई म्हणाल्या. त्यांनी आपल्याच पाकिटातली गुडघेदुखीची गोळी काढून दिली. कळ तेवढ्यापुरती थांबली. मग रोजच एक, कधी दोन. काही दिवसांनी पूनमचे डोळे सकाळी सुजलेले दिसायला लागले, आणि कस्तुराबाईंनी तो निर्णय घेतला जो ह्या घरात त्यांच्या सासूच्याही वेळी झाला होता. "अंगात पानी धरलंय. आता पानी कमी कर." वाळत चाललेल्या झाडाची पानं गळायला लागली म्हणून कुणी त्याचं उरलंसुरलं पाणी तोडावं, तसं हे झालं.

अक्षय तृतीया आली. उदककुंभ द्यायचा दिवस. गुरुबसप्पांनी ह्या वर्षी मोठं पुण्य करायचं ठरवलं होतं. सात रस्त्याला, भर रहदारीत, आईच्या नावानं पाणपोई. मांडव पडला, ओल्या गोणपाटात गुंडाळलेले रांजण मांडले, वाळ्याच्या जुड्या टाकल्या. वर फलक लागला, ‘मातोश्री शिवलीलाबाई यांच्या स्मरणार्थ’. फलकावर मातोश्रींचा फोटो होता आणि त्याच्या दुप्पट मोठा चिरंजीवांचा.

सुनेनं पहिलं पाणी घालायचं ठरलं. घरची लक्ष्मी. पूनमला जरीचं जड लुगडं नेसवलं. आदल्या संध्याकाळनंतर तिच्या पोटात पाणी नव्हतं. सकाळी कस्तुराबाईंनीच पिऊ दिलं नाही, कारण सात रस्त्याला बाईमाणसानं जायचं तरी कुठं? माणसं जमली. गुरुबसप्पांनी माईक हातात घेतला. तहानलेल्याला पाणी पाजणं ह्यासारखा धर्म नाही, ते म्हणाले. टाळ्या पडल्या.

पूनम रिक्षावाल्यांच्या, हमालांच्या, कॉलेजच्या पोरांच्या ओंजळीत पाणी घालत होती. ऊन चढत होतं. एकदा ती शेजारी उभ्या सासूला हळू म्हणाली, "आत्या, मी घोटभर घेऊ?"

कस्तुराबाईंनी आजूबाजूला बघितलं. पुढं माणसं, मागं माणसं. "एवढा कार्यक्रम उरकू दे," त्या म्हणाल्या.

ते उरकायच्या आत तांब्या खाली पडला. पाणी डांबरावर पसरलं, आणि त्या पाण्यात पूनम. कुणाला काही सुचेना. गुरुबसप्पा हातातला माईक तसाच धरून उभे राहिले. शेवटी ओंजळ पुढं करून उभा असलेला एक रिक्षावालाच पुढं झाला. "अरे, बाई को पैले पानी पिलाव," तो म्हणाला, आणि आपली रिक्षा त्यानं मांडवाला लावली.

दवाखान्यात डॉक्टर राजनंदिनी होत्या. कमी बोलणारी, चाळिशीची बाई. नर्सनं पूनमचं तोंड उघडून बघितलं, तर गालात चिंचोका. तिनं तो चिमट्यानं काढून ट्रेमध्ये ठेवला. बारीक, गुळगुळीत, चोखून चोखून काचेसारखा झालेला.

"हे काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमच्यात असतंय," कस्तुराबाई म्हणाल्या. बोलल्यावर त्यांचं त्यांनाच ते वाक्य कसंतरी वाटलं.

तपासण्या झाल्या. डाव्या बाजूच्या नळीत खडा अडकला होता, त्याच्या मागं लघवी तुंबून पू झाला होता, जंतू रक्तात उतरले होते. पाण्यावाचून सुकलेल्या मूत्रपिंडांवर वरून त्या गोळ्यांचा मारा झाला होता. त्याच दिवशी नळी घालून वाट मोकळी केली. पूनम वाचली. डावी किडनी पूर्वीसारखी होईल की नाही, हे डॉक्टर लगेच सांगायला तयार नव्हत्या.

चार-पाच दिवसांनी त्यांनी कस्तुराबाईंना समोर बसवलं. रागावल्या नाहीत. साध्या शब्दांत सांगितलं. रक्तातली घाण काढून टाकायला मूत्रपिंडाला पाणी लागतं, जसं मोरी धुवायला लागतं. पाणी कमी पडलं की ते घाण घट्ट करून, रडतखडत बाहेर टाकतं. घट्ट झालं की क्षार बसतात, त्याचे खडे होतात. वर लघवी तासन् तास रोखून धरली, की जंतूंना घर मिळतं. एक दिवसाचं शरीर सोसतं. वर्षानुवर्षं रोज, त्यात असं ऊन आणि दुखण्याच्या गोळ्या, हे सोसत नाही. आणि ते दुखत नाही, बोंबलत नाही, गुपचूप झिजतं.

"बायकांसारखंच," कस्तुराबाई पुटपुटल्या.

डॉक्टरांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या सुजलेल्या पायांकडे. पायावर बोट दाबलं. बोट उचललं तरी खळगा तसाच राहिला. "तुमचंही रक्त तपासू या, मावशी."

दुसऱ्या दिवशी कळलं. कस्तुराबाईंची दोन्ही मूत्रपिंडं आकसून गेली होती. जुनं दुखणं, पुन्हा पुन्हा झालेलं, गोळ्यांखाली दाबलेलं. आता औषधं, पथ्य, आणि पुढं कधीतरी डायलिसिस. "आता तुम्हाला पाणी मापानंच प्यावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "जास्त प्यालात तर ते बाहेर पडायचं नाही, अंगात साठेल."

कस्तुराबाई हसल्या. नर्सला वाटलं, ऐकायला आलं नसेल. "ते मला येतंय की," त्या म्हणाल्या. "जन्मभर तेच केलं. आता पिऊ वाटलं, तर तुमी नगं म्हनताय."

डॉक्टरांनी पूनमचं वेगळं सांगितलं. तिला दिवसभर पाणी प्यायलाच हवं, तहान लागायची वाट न बघता. आणि लघवी लागली की जायलाच हवं, रोखायचं नाही. "हे झालं तर किडनी सावरेल. नाही झालं, तर ती तुमच्या वयाला पोचायच्या आधीच तुमच्यासारखी होईल."

त्या दिवशी कस्तुराबाईंना सासू आठवली. शिवलीलाबाईंचं शेवटचं दुखणं. तोंड सुजलेलं, श्वास लागलेला, आणि घोट मागणारे ते ओठ. अंगात पाणी झालंय म्हणून कुणी दिलं नाही. चमचाभर गंगाजळ घातलं ते शेवटच्या क्षणी. आणि त्याच बाईच्या नावानं आता सात रस्त्याला रांजण भरून ठेवलेत. जिवंतपणी जिच्या तहानेची लाज वाटली, मेल्यावर तिच्या तहानेवर फलक लागला.

सिद्धराम दवाखान्यात आला तो तोडगा घेऊनच. उन्हाळा संपेपर्यंत पूनमला माहेरी ठेवू, तिथं सोय आहे. अप्पांनाही हे पटलंय. पोरगं समाधानानं बोलत होतं. बायको दोन महिने दूर धाडायची, पुढचा उन्हाळा आला की परत धाडायची. वडिलांना कट्ट्यावरून उठा म्हणावं, ही गोष्ट त्याच्या मनाला शिवलीसुद्धा नाही. पूनमनं सासूकडं बघितलं फक्त.

"ती घरी येनार," कस्तुराबाई म्हणाल्या.

घरी आले तेव्हा भर दुपार होती. कट्टा भरलेला. बिरप्पा होता, आणखी दोघं होते. गुरुबसप्पांनी गाडीकडं बघून न बघितल्यासारखं केलं. पूनम आत जाऊन खाटेवर टेकली. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं तिनं वाटेत बाटली संपवली होती. थोड्या वेळानं ती उठली, उंबऱ्यापाशी आली, कट्ट्याकडं बघून थबकली. मागनं सिद्धराम हळूच म्हणाला, "अप्पा बसलेत. जरा थांब की."

तो थांब म्हणाला आणि ती थांबली. हात पोटाशी घट्ट धरून, ओठ चावून. कस्तुराबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. त्यांच्या गालात त्या वेळीही चिंचोका होता. सवयीनं. आजारी माणसाला सवय लौकर सोडत नाही.

त्या पुढं आल्या. त्यांनी सुनेचा हात धरला आणि उंबरा ओलांडला. सुजलेल्या पायांनी, पण अंगणाच्या मधोमध, भिंतीच्या कडेनं नव्हे.

गुरुबसप्पांना बोलावं लागलं.

"कुटं निगालीस?"

"संडासला," कस्तुराबाई म्हणाल्या. उन्हात, चार माणसांत, बोलायला जसं बोलतात तसं. "आमी दोघीबी."

बिरप्पानं खाली बघितलं. गुरुबसप्पांचा चेहरा तांबडालाल झाला. "घरची चाल इसरलीस व्हय? बापजाद्यांची अब्रू हाय."

कस्तुराबाई चालायच्या थांबल्या. आयुष्यात त्या नवऱ्यापुढं आवाज चढवून बोलल्या नव्हत्या. आताही चढवला नाही.

"तुमची आई पानी पानी करत गेली. म्या बघितलं हाय. मी बी त्याच वाटंला लागले. हिला न्हाय जाऊ देनार." आणि मग, अगदी शांतपणानं, "तुमाला लाज वाटती ना? मग तुमी उठा हितनं. आमी का उठायचं?"

बिरप्पा चप्पल शोधायला लागला. ती त्याच्या पायाखालीच होती. बाकीचे दोघं त्याच्या मागं. जाता जाता त्यातला एक सवयीनं खाकरला आणि मधेच थांबला. गुरुबसप्पा एकटेच उरले. ज्यांच्यासमोर अब्रू राखायची तेच निघून गेल्यावर माणूस अब्रू कुणासाठी राखणार? तेही उठले, आणि आत न जाता फाटकातून बाहेर गेले, पाणपोई बघायला जातो म्हणून.

पूनम आत गेली. कमळाचं दार लागलं. कस्तुराबाईंचे पाय भरून आले होते. त्या लिंबाच्या सावलीत, कट्ट्यावर बसल्या, ज्या जागेवर ह्या घरची बाई कधी टेकली नव्हती. सिद्धराम उंबऱ्यातच उभा होता. बराच वेळ. मग आत गेला आणि बाटली भरून घेऊन आला. आईजवळ ठेवली. उशीर झाला होता, पण आणली.

वाचणाऱ्या बायांनो आणि विशेषकरून बाप्यांनो, तुमच्या घरी कमळाचं दार पुढं नसेल. पण सून, लेक, कामाला येणारी बाई दिवसभरात किती पाणी पिते आणि का पीत नाही, हे तुम्ही कधी विचारलंत? उपास तुमचे, सप्ताह तुमचे, पाणपोयाही तुमच्याच. तेवढं विचारायचं मात्र राहून जातं.

पूनम बाहेर आली, हात धुऊन. बाटली उचलून ती तिथंच उभ्यानं पाणी प्यायली, उन्हात, मोठ्या मोठ्या घोटांनी. कस्तुराबाई तिच्या गळ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी गालातला चिंचोका जिभेनं पुढं आणला आणि अंगणात थुंकला.

भाजलेला चिंचोका होता. मातीत पडला तरी रुजत नाही.